गळानें मासे धरण्याची विद्या : नवशिक्यांस चार गोष्टी

शेतीच्या मासिकांत मासे धरण्याविषयीं लेख कशासाठीं, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर प्रथम देतों. आपल्या परभणी जिल्ह्यांतून गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्या वाहतात. पूर्णेवर येलदरीचें धरण १९६८ सालीं पुरें झालें. पुढें सेलूकडे निम्न दुधना, गंगाखेडकडे मासोळी, जिंतूरकडे करपरा असे जलाशय झाले. गोदावरीवर ढालेगांव, मुदगल व डिग्रस येथें बंधारे बांधले गेले. त्याशिवाय गांवोगांवचे पाझर तलाव आणि अलीकडे झालेलीं शेततळीं आहेतच. जेथें आमच्या आजोबांच्या वेळीं उन्हाळ्यांत डोहाखेरीज पाणी दिसत नसे, तेथें आज पुष्कळांस आपल्या बांधावरून पाण्याचा विस्तार दिसतो. पाणी आलें तेथें मासा आला. आणि मासा आला तेथें गळ घेऊन बसावें अशी हौस तरुणांस व आमच्यासारख्या निवृत्तांस होऊं लागली. ही हौस वाईट नाहीं. परंतु ती अज्ञानानें केली म्हणजे पैसा व्यर्थ जातो, दुसऱ्याच्या पोटावर पाय येतो आणि प्रसंगीं जीवही जातो. या तिन्ही गोष्टी टळाव्या म्हणून हा लेख. जे वाचक माळकरी आहेत त्यांनीं रागावूं नये. शेततळ्याच्या धोक्याविषयींचा भाग तेवढा त्यांनीं अवश्य वाचावा.

विद्या आपलीच आहे

गळ टाकणें ही साहेब लोकांची करमणूक, असा एक समज आहे. तो खरा नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें सुमारें ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. आपल्या मराठवाड्याच्या अगदीं शेजारचें गांव. या ग्रंथांत राजाच्या अनेक विनोदांबरोबर ‘मत्स्यविनोद’ नांवाचें प्रकरण आहे. त्यांत माशांच्या जाती, त्यांस काय खाऊं घालावें, दोरी कशाची असावी व गळ कसा टाकावा, हें सांगितलें आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणावर लेख लिहून तें विद्वानांच्या नजरेस आणिलें. इंग्रजींत या विषयावरचा अतिशय प्रसिद्ध ग्रंथ आयझाक वॉल्टन याचा. तो १६५३ सालचा, म्हणजे पांचशें वर्षांहून अधिक मागाहूनचा. तात्पर्य, या विद्येसाठीं आपणांस परदेशाकडे तोंड करून बसण्याचें कारण नाहीं. आणि खरें पाहतां राजाकडेही जाण्याचें कारण नाहीं. कारण ती आपल्या नदीकांठच्या भोई बांधवांपाशीं आजही आहे. मला ती तेथेंच मिळाली. ती कशी मिळाली तें सांगतों.

पहिली चूक

महसूल खात्यांत कारकुनी करून मी ५८ व्या वर्षीं निवृत्त झालों. उभा जन्म कागदांत गेलेला. रिकामा दिवस खावयास उठूं लागला. तेव्हां एका मोठ्या शहरांतील दुकानांतून मीं चकचकीत काठी, तिचें चाक, जाड दोरी आणि बोटभर लांबीचे गळ असें सामान आणिलें. दुकानदारानें जें जें दाखविलें तें तें घेतलें. निवृत्तीच्या पैशांतील बरीच रक्कम त्यांत गेली. हें सर्व घेऊन गांवाजवळच्या लहान तलावावर तीन दिवस बसलों. एक शेपटी देखील हलली नाहीं.

चौथ्या दिवशीं तलाव राखणारे वृद्ध भोई मागें येऊन उभे राहिले. त्यांस गांवांत सर्व मामा म्हणतात. त्यांनीं माझा गळ हातांत घेऊन उलटसुलट पाहिला.

“भाऊसाहेब, हा गळ आपल्या तळ्याचा नव्हं. ह्याला मगर लागंल, मासा कशाला लागतो?” ते म्हणाले, आणि मग हळूच विचारलें, “पावती काढली का संस्थेची?”

मी निरुत्तर झालों. तलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्यानें आहे हें मला पक्कें ठाऊक होतें. आपल्या उभ्या ज्वारींत कोणी हुरड्यासाठीं न विचारतां शिरला तर आपण काय म्हणूं? संस्था दर पावसाळ्यांत पैसे मोजून बोटुकली, म्हणजे बोटाएवढें मत्स्यबीज, तलावांत सोडते. रात्रीचा पहारा करते. मग वर्षानें जाळें ओढते. तलावांतला मासा हें तिचें उभें पीक होय. मी त्या पिकांत तीन दिवस न विचारतां बसलों होतों. मीं हात जोडले, दुसऱ्या दिवशीं संस्थेच्या सचिवांकडे जाऊन रीतसर पावती केली, आणि मामांस म्हणालों, “मामा, आतां मला शिकवा.” ते लगेच हो म्हणाले नाहींत. त्याचें कारण होतें. तें पुढें येईल.

साहित्य

नवशिक्यानें प्रथम चाकाची काठी घेऊं नये, हा मामांचा पहिला धडा. चाक फिरविण्याकडे लक्ष गेलें कीं पाण्याकडे राहत नाहीं. नऊ ते बारा फूट लांबीचा, बुडाशीं अंगठ्याएवढा व शेंड्याकडे करंगळीहून बारीक होत गेलेला सरळ वेळू निवडावा. तो सावलींत महिना दीड महिना वाळवावा. उन्हांत वाळविलेला चिरतो. शेंडा लवचिक असावा; कारण मासा हिसका देतो तो शेंड्यानें सोसावयाचा असतो, दोरीनें नव्हे. बाजारांत आंतल्या आंत सरकून मिटणाऱ्या तंतुकांचेच्या काठ्या मिळतात, त्याही चांगल्या. मात्र बारा फुटांहून लांब घेऊं नये. हात भरून येतो.

दोरी नायलॉनची, जिला आपण तंगूस म्हणतों ती. ती जितकी बारीक तितकी माशास कमी दिसते. लहान माशांस पाव मिलिमीटर जाडीची व रोहू-मृगळांस सुमारें ०.३५ मिलिमीटर जाडीची पुरे. दोरीची लांबी काठीएवढी किंवा हातभर अधिक ठेवावी. उन्हानें तंगूस कुजते. म्हणून दर वर्षीं बदलावी व जुनी तुकडे करून घरीं आणावी. पाण्याकांठीं टाकलेल्या तंगुशींत बगळे व पाणकोंबड्या अडकून मरतात, आणि तीच दोरी गुरांच्या पायांत गुंतते.

गळाच्या आंकड्यांत नवशिका हमखास चुकतो. आंकडा जितका मोठा तितका गळ लहान, असा उलटा हिशेब आहे. बारा-चौदा नंबरचा गळ लहान माशांस, सहा ते आठ नंबरचा रोहू व मृगळ यांस. एकच्या पुढें मात्र ‘एक शून्य’, ‘दोन शून्य’ असे आंकडे येतात व तेथून गळ वाढत जातो. ते मरळीसारख्या मोठ्या तोंडाच्या शिकारी माशासाठीं. मीं आणिलेले त्याहूनही मोठे, समुद्राचे होते. गळाचें टोंक नखावर टेकून ओढावें. घसरलें तर बोथट, रुतलें तर चांगलें.

तरंगतें बोंड विकत घेण्याची गरज नाहीं. मोरानें टाकलेल्या पिसाचा जाड देठ वीतभर कापून घ्यावा, तो उत्तम. ज्वारीच्या वाळल्या धाटाचा गाभाही चालतो, पण तो एका दिवसांत पाणी पितो. बोंडाखालीं शिशाचे बारीक मणी इतकेच लावावे कीं बोंडाचें टोंक तेवढें पाण्यावर राहील. शिसें विषारी आहे. तें दांतानें दाबून बसवूं नये, चिमट्यानें बसवावें.

गांठ अशी. दोरीचें टोंक गळाच्या नेढ्यांतून काढावें, मुख्य दोरीभोंवतीं पांच वेढे द्यावे, टोंक परत नेढ्याजवळच्या फांसांतून ओंवावें, थुंकीनें ओलें करून सावकाश आवळावें. कोरडी गांठ आवळली तर तंगूस घासून तापते व तेथेंच तुटते. हें सर्व सामान, वेळू घरचा असल्यास, फारच थोड्या पैशांत होतें. माझ्या पहिल्या खरेदीच्या पावतीकडे मी आजही कधीं कधीं पाहतों.

आमिष व माशांचे स्वभाव

जो शेतकरी आपल्या बैलाची खोड जाणतो, त्यास माशाचा स्वभाव जाणण्यास वेळ लागत नाहीं. कटला वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या थरांत, मृगळ व कानशी तळाशीं. म्हणून एकाच तलावांत आमिष किती खोल सोडलें यावर कोणता मासा लागेल हें ठरतें. त्यासाठीं आधीं गळास जड खडा बांधून तळाचा ठाव घ्यावा व बोंड त्या मानानें वरखालीं सरकवावें.

रोहू-मृगळांस कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि थोडा गूळ यांचा मळलेला गोळा आवडतो. तो हरभऱ्याएवढा, गळाचें टोंक झांकेल इतका असावा. फार सैल केला तर पाण्यांत विरघळतो, फार घट्ट केला तर गळ माशाच्या ओंठांत शिरत नाहीं. कोणी त्यांत हिंग घालतात. वासानें मासा येतो असा अनुभव आहे. वाम व शिंगाडा यांस गांडूळ हवें. गांडूळखताच्या खड्ड्यांतलें गांडूळ बारीक असतें व गळावर टिकत नाहीं. ओल्या बांधाखालचें देशी जाड गांडूळ बरें. परंतु तें चार-पांचच घ्यावें. गांडूळ आपल्या काळ्या जमिनीचा नांगर आहे, तो माशापायीं खणून काढणें शहाणपणाचें नाहीं. मरळीसाठीं कित्येक जण बेडूक लावतात. तसें करूं नये. बेडूक पिकावरील कीड खातो. मरळीस लहान मासळी किंवा झिंगा चालतो.

आदल्या सायंकाळीं कोंडा, पेंड व चिखल यांचे लाडू करून ठरलेल्या जागीं टाकावे. रोज त्याच जागीं, त्याच वेळीं टाकल्यास तिसऱ्या-चौथ्या दिवशीं मासे तेथें जमूं लागतात. सोमेश्वर राजाच्या ग्रंथांतही आधीं खाऊं घालण्याची रीत आहे. नऊशें वर्षांत माशाचें पोट बदललेलें नाहीं.

वेळेविषयीं : उन्हाळ्यांत पहांटे व दिवस मावळतांना, हिवाळ्यांत दहा वाजल्यानंतर पाणी किंचित् तापल्यावर. भर दुपारीं वैशाखांत बसणाऱ्यास उन्हाखेरीज कांहीं लागत नाहीं.

हात कसा चालवावा

कांठावर उभें राहूं नये, बसावें. आपली सावली पाण्यावर पडूं देऊं नये. गप्पा चालतात, पण पाय आपटलेले चालत नाहींत. जमिनीचा हादरा माशास लगेच कळतो. गळ टाकतांना काठी डोक्यावरून गोफणीसारखी फिरवूं नये. आमिष डाव्या हातांत धरून, दोरी किंचित् ताणून, काठीच्या शेंड्याच्या झोंक्यानें पुढें सोडावें.

बोंड थरथरलें कीं नवशिका झटका देतो. येथेंच शंभरांतील नव्वद मासे सुटतात. थरथर म्हणजे मासा नुसता चाखतो आहे. बोंड तिरपें होऊन चालूं लागलें किंवा सरळ बुडालें, म्हणजे मनगटानें, खांद्यानें नव्हे, आंखूड झटका द्यावा. मासा लागला कीं काठी उभी धरावी, शेंडा वांकूं द्यावा, आणि तो धांवेल तिकडे काठी फिरवावी. ओढूं नये, दमवावा. तो आडवा पडून पांढरें पोट दाखवूं लागला म्हणजे हातजाळीवर घ्यावा. दोरी धरून उचलल्यास हमखास तुटते. मामा म्हणत, “भाऊसाहेब, कासरा ढिला बी नको अन् ताठ बी नको.” ज्यानें नवा गोऱ्हा औतास धरला आहे, त्यास याहून अधिक सांगणें नको.

मर्यादा

पहिली मर्यादा परवानगीची. तलाव कोणाच्या ठेक्यांत आहे हें विचारल्यावांचून बसूं नये.

दुसरी, अंडीवाल्या माशाची. रोहू, कटला, मृगळ हे पावसाळ्यांत वाहत्या नव्या पाण्यांत अंडीं घालतात. पहिल्या पुरांत ते ओढ्यांतून वर चढतात, तेव्हां लोक काठ्यांनीं मारून पोतीं भरतात. एका मादीच्या पोटांत लाखों अंडीं असतात. पेरणीच्या दिवशीं बियाण्याचें पोतें भाजून खाण्यासारखेंच हें कृत्य आहे. मरळ आपल्या तांबूस पिलांच्या थव्याखालीं राखण करीत फिरते. त्या वेळीं तिला धरल्यास सारा थवा इतर माशांच्या पोटांत जातो. लहान मासा लागल्यास हात ओले करून सोडवावा. कोरड्या हातानें त्याच्या अंगावरचें बुळबुळीत आवरण निघतें व मागाहून तो रोगानें मरतो.

तिसरी मर्यादा कायद्याची. पाण्यांत सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. विहिरी खोदण्याच्या निमित्तानें सुरुंगाच्या कांड्या आपल्या भागांत फिरतात, आणि त्यांपायीं बोटें गमावलेला मनुष्य मीं डोळ्यांनीं पाहिला आहे. खांबावरून तार टाकून पाण्यांत वीज सोडणारे तर स्वतःचेच मरण शोधीत असतात.

चौथी, शेततळेवाल्यांसाठीं. आफ्रिकन मागूर पाळण्यास आपल्या देशांत बंदी आहे. तो खादाड मासा पुरांत निसटून नदींत गेला तर देशी मासळीचा फडशा पाडतो. स्वस्त बीज म्हणून कोणी आणून दिलें तरी घेऊं नये.

जीव सांभाळा

शेततळ्यास प्लास्टिकचें अस्तर असतें. तें ओलें झालें म्हणजे त्यावर शेवाळ धरतें, आणि पट्टीचा पोहणाराही त्यावरून वर येऊं शकत नाहीं. म्हणून चारी बाजूंस गांठी मारलेले दोर वरच्या खुंट्यांस बांधून पाण्यांत सोडावे, एक फुगविलेली ट्यूब ठेवावी व भोंवतीं कुंपण घालावें. मूल एकटें कधींही पाठवूं नये. तलावाच्या कांठीं वरून वाळलेला दिसणारा काळा गाळ खालीं मांडीएवढा मऊ असतो. आधीं काठीनें चांचपून पाय टाकावा. वळवाच्या दिवसांत ढग गडगडले कीं काठी आडवी टाकून कांठापासून दूर जावें, झाडाखालीं उभें राहूं नये. विजेच्या तारांखालीं गळ टाकूं नये. बारा फुटांची ओली काठी तारेपर्यंत सहज पोहोंचते. मिशाळ माशांच्या पंखाजवळील कांटा विषारी असूं शकतो. तो लागल्यास हात सोसेल इतक्या गरम पाण्यांत धरावा, वेदना उतरते. ठणका राहिल्यास दवाखान्यांत जावें.

मामा लगेच हो कां म्हणाले नाहींत

२०१५ सालच्या दुष्काळांत तो तलाव तळापर्यंत आटला होता. संस्थेनें सोडलेली बोटुकली चिखलांत तडफडून मेली. ठेक्याची रक्कम थकली, आणि वसुलीची नोटीस निघाली. ती नोटीस माझ्या हातची होती. नमुना छापील, गांव, रक्कम, मुदत एवढे रकाने मीं भरले. तलाव कोरडा आहे हें लिहिण्यास त्यांत रकाना नव्हता, आणि रकाना नाहीं म्हणून मीं तें कोठेंच लिहिलें नाहीं. मामांनीं घरांतील कांहीं भांडीं मोडून आपला वांटा भरला होता. खालची सही दुसऱ्याची असली तरी नोटीस घेऊन गांवीं गेलेल्या शिपायानें लिहिणाऱ्याचें नांव सांगितलें होतें.

हें त्यांनीं मला दोन महिन्यांनंतर, बोंडाकडे पाहत असतांनाच सांगितलें. आवाज चढविला नाहीं. “तुमचा हुकूम होता, भाऊसाहेब. पर एकदा येऊन तळं बघायला पायजे होतं,” एवढेंच म्हणाले. तीस वर्षांत माझ्या कामावर असा शेरा कोणीं मारिला नव्हता. मीं क्षमा मागितली. ते कांहीं बोलले नाहींत. माझें बोंड बुडालें होतें, तिकडे त्यांनीं बोट दाखविलें.

तेव्हांपासून संस्थेचे अर्ज, ठराव व हिशेबाचे कागद मी विनामूल्य लिहून देतों. पाणी घटूं लागलें कीं तलावाची स्थिति पंचांसमक्ष पाहून लेखी नोंद करून ठेवतों व ठेक्याच्या अर्जास जोडतों. रकाना नसला तरी अर्जाची पाठ कोरी असते. संस्थेनेंही मला एक काठी, कांठावरून, जाळ्यांपासून दूर, आणि अर्ध्या किलोच्या आंतील मासा परत, अशा चार अटींवर कायमची पावती दिली आहे.

ज्या वाचकांस ही हौस करावयाची असेल त्यांनीं या हिवाळ्यांतच वेळू तोडून सावलींत ठेवावा. तो वाळेपर्यंत आपल्या गांवच्या तलावाच्या संस्थेची चौकशी करावी व तेथील एखाद्या वृद्ध भोयाजवळ चार दिवस नुसतें बसावें. गळ मागाहून टाकतां येतो. इतकें सांगून हा लेख पुरा करितों.